सेकंड व्हॉइस

दर डिसेंबरात माझी एकदा तरी फजिती होते. दुकानात नाताळची गाणी लागलेली असतात, मी केकमधल्या मनुका मोजत उभी असते आणि माझ्या नकळत गळा सुरू होतो. शेजारची बाई दचकून बघते. तिचं काही चुकत नाही. वरती वाजतंय त्या गाण्याशी माझ्या गाण्याचं लांबचं नातं असतं, चुलत-मावस म्हणण्याइतपत. गाणं डोंगर चढत असतं तेव्हा मी पायथ्याशी एका दगडावर बसून असते. अख्खं गाणं मला आजही येत नाही. मला त्याची फक्त सेकंड व्हॉइस येते.

हा संस्कार पुण्याच्या कॅम्पातल्या मुलींच्या कॉन्व्हेंटचा. पेठेतून सायकल मारत आम्ही तिथे जायचो, आणि शाळेचं फाटक ओलांडलं की सारेगमचं डोरेमी व्हायचं. धाकट्या वर्गांचा पर्कशन बँड होता. त्यात माझ्या वाट्याला ट्रँगल आला होता. एकतीस ठोके गप्प उभं राहायचं आणि बत्तिसाव्याला एकदा 'टिंग' करायचं. पुढे आयुष्यात बँकेच्या रांगेत किंवा लग्नाच्या पंगतीत मी कधी वैतागले नाही, त्याचं श्रेय त्या टिंगला. मोठ्या मुलींचा एक गिटार ग्रुप होता. त्या सगळ्या केस मोकळे सोडण्याच्या वयाच्या होत्या आणि शाळेत केस मोकळे सोडायला बंदी होती, त्यामुळे त्या गिटारीला रिबिनी बांधत. पण खरी प्रतिष्ठा कॉयरची.

कॉयरच्या सिस्टर बुटक्या होत्या आणि पियानोमागे बसल्या की त्यांचा फक्त शिरोवस्त्राचा पांढरा काठ दिसायचा. आवाज तपासताना त्यांनी मला एक सूर दिला, मी तो लावला, त्यांनी दुसरा दिला, मी पहिलाच धरून राहिले. सिस्टरांचा चेहरा उजळला. आल्टो, म्हणजे सेकंड व्हॉइस, अशी हटवादी असावी लागते म्हणे. मग तीन आठवडे आम्हा सेकंड व्हॉइसवाल्या मुलींची तालीम बाहेर पाण्याच्या नळाशेजारी, आणि फर्स्ट व्हॉइसची आत पियानोपाशी. त्यांच्याकडे चाल होती, आमच्याकडे सा सा सा सा, मध्येच एक नी, की पुन्हा सा. रांगोळीचे नुसते ठिपके काढत बसावं तसं. शुक्रवारी दोन्ही गट एकत्र उभे राहिले, सिस्टरांचा हात वर गेला, आणि त्या ठिपक्यांमधून एकदम कमळ उमटलं. माझ्या डाव्या बाजूला गोव्याकडची एक मुलगी उभी असे. ती गाताना डोळे मिटायची. मी मिटत नसे, कारण मिटले की मी हमखास तिच्या चालीमागे वाहून जायची आणि सिस्टरांची भुवई काठाच्या वर चढायची. साडीखालच्या परकराला जी शिस्त लागते ती आम्हाला लागत होती. कुणी बघत नाही, पण तो घसरला की सगळं घसरलं.

त्या कॉयरमध्ये आम्ही निम्म्याहून अधिक जोशी, शहा आणि शेख होतो, आणि लॅटिन 'ग्लोरिया' अर्थ न कळता, पण स्तोत्र म्हणावं तशा श्रद्धेने म्हणत होतो. व्हेनिसमध्ये १७०३ पासून विवाल्दी नावाचा तांबड्या केसांचा एक पाद्री अनाथाश्रमातल्या मुलींना संगीत शिकवत होता, हे पुढे वाचलं. त्या मुली जाळीमागून गात. त्याच्या रचनांत पुरुषांचे खर्जातले भागही आहेत. ते त्या मुलींच्यात कोण गात असे, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. आम्हाला हे कोडं मुळीच अवघड वाटलं नसतं. आमच्या सिस्टर सर्दी झालेल्या मुलींना घरी पाठवत नसत.

त्याहून गंमत १९०३ ची. त्या वर्षी पोप दहावे पायस यांनी फर्मान काढलं की चर्चच्या गायकवृंदात बायका नकोत, उंच सुरांसाठी मुलगे घ्यावेत, आणि पियानोही नको. फर्मानाची तारीख २२ नोव्हेंबर. त्या दिवशी सेंट सिसिलियाचा सण असतो. ती संगीताची आश्रयदाती संत, आणि बाई! तिने ते कसं ऐकून घेतलं असेल कोण जाणे. आपणही हसायला नको. आपल्या आकाशवाणीने १९४० पासून तीसएक वर्षं पेटीला दार बंद ठेवलं होतं.

आमच्या घरात मात्र पेटीला मान होता. आजीचं भजनी मंडळ होतं. एका रविवारी पाहुण्यांपुढे पोह्यांच्या बशा आल्या आणि फर्मान सुटलं, "शाळेत काय शिकवतात ते म्हणून दाखव गं." मी हात मागे बांधून, तोंड तीन बोटं उघडून माझी सेकंड व्हॉइस म्हटली. पूर्ण. दोन कडवी. काका म्हणाले, "ही गातेय, की कुणाला हाक मारतेय?" पाहुणे भलतेच सौजन्याने पोहे खाऊ लागले. रात्री आजीने पेटी काढली. "धर तुझा तो सा," म्हणाली, आणि त्यावर हळूच एक अभंग सोडला. चार ओळी छान गेल्या. पाचवीला माझा नी आला आणि विठ्ठल अडखळला. आजी थांबली, भाता दाबून धरून बराच वेळ विचारात पडली. "इथे तुला खाली का जायचंय?" तिने विचारलं. मला ठाऊक नव्हतं. सिस्टरांनी सांगितलं होतं, एवढंच.

नाताळच्या कार्यक्रमाला ती एकटीच आली, नऊवारी नेसून, रिक्षाने. तिसऱ्या रांगेत, टोप्या घातलेल्या दोन अँग्लो-इंडियन म्हाताऱ्यांच्या मध्ये बसली. आमचं गाणं चालू असताना तिचा हात मांडीवर ठेका धरत होता आणि मान मात्र माझ्याकडे वळलेली. बाहेर पडल्यावर बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुझे ओठ हलत होते गं, पण तू काही ऐकू आली नाहीस."

मी आनंदाने उडीच मारली. सिस्टर नेमकं हेच सांगत असत, की एकटी एकटी ऐकू येईल ती आल्टो कच्ची. मी ते आजीला धापा टाकत समजावून सांगितलं. तिने माझ्याकडे इतक्या करुणेने पाहिलं की काय सांगू. नात दुःख लपवतेय, अशी तिची खात्री झाली असावी. तिने कनवटीची पिशवी सोडली, आणि रिक्षासाठी ठेवलेल्या पैशांतून मला श्रूजबेरी बिस्किटांचा पुडा घेऊन दिला. मग आम्ही दोघी लक्ष्मी रोडपर्यंत चालत, बिस्किटं खात घरी आलो. वाटेत ती गुणगुणत होती. चाल आमच्या गाण्याचीच होती, फर्स्ट व्हॉइसची. मी सा धरला.