मनक्याची गादी

“काय वं पोरी, वांगे भाजून राह्यली का? पऱ्हाट्यांचा धूर पार आमच्या ओट्यावर आला.”

“हो ना जिजी. जेठाले पाहाले पाव्हने येऊन राह्यले. असोद्याले आले म्हंजे भरीतच मांगतात.”

“मनक्याचं आपरेशन झालं म्हने त्याहिचं! मी तं घाबरलीच. मनक्याले हात लावला का मानूस खाटेवरच.”

“ते आंधीचं. आता दुर्बिनीनं करतात. पाऊन इंचाची चीर, तिच्यातून नयी घातली, बारीक चिमट्यानं निंघालेला गर तेवढा काढला. दुसऱ्या दिवशी आपल्या पायानं संडासले गेले.”

“पन झालं कसं?”

“केयाचा घड ट्रॅक्टरवर देता-देता कट् वाजलं. चौथ्या-पाचव्या मनक्यामधली गादी फुटली, गर नसीवर येऊन बसला. ढुंगनापासून आंगठ्यापर्यंत कय. शिंकले तरी वरडत.”

“मंग पायायू मानसाची लाथ नही घेतली?”

“घेतली ना! उसन भरली समजून. मले तं वाटते, त्याच्यानंच वाढलं. भाचा मेडिकलले शिकतो, तो सांगे, पायाची कय कंबरेच्या गादीतून येते हे अमेरिकेत 1934 मधे दोन डाक्तरांनी दाखवलं, तवा कुठी जगाले पटलं.”

“म्हंजे बहिनाबाई व्हती तवा. तिच्या वक्ताले लाथ आन शेकनं, दोनच दवाया.”

“डाक्तरनंबी लगेच नही कापलं. म्हने सहा आठवडे गोया खा, पडून राहू नका, हिंडा-फिरा. जास्ती लोकाइचं तेवढ्यातच बरं व्हतं, गर आपोआप सुकतो. पन याहिचा आंगठाच वर उचलेना. पायातली चप्पल गयून जाये, आन हे तसेच अनवानी चार पावलं पुढे. तवा मंग नेलं.”

“आमच्या याहिचंबी करून टाकू का वं? रोज कंबर-कंबर करतात.”

“कय पायात उतरते का?”

“नही, कंबरच.”

“मंग कोनी नही करनार. हे आपरेशन पायाच्या कयीसाठी. नस मोकयी करतात, झिजलेला मनका नवा करून नही देत. जेठाची कंबर अजूनबी सकायी आखडतेच. हां, लघवी अडकली, नही तं बसाची जागा बधिर झाली, तं रात्र काढाची नही, लगेच दवाखाना गाठजो.”

“आन खर्च?”

“फुले योजनेत बसते का, ते भरती व्हयाच्या आंधी विचारजो. मांगून कोनी आयकत नही.”

“आता आराम असंन त्याहिले.”

“कसला आराम! वजन नही उचलाचं, गाडीवर दनके नही खायाचे, तीच गादी पुन्हा फुटू शकते, असं डाक्तरनं दोनदा बजावलं. माझ्यासमोर मान हालवली. आज सोसायटीच्या मीटिंगले गेले, कोनाच्या तरी मोटरसायकलवर मांगे बसून. कंबरेचा पट्टा तो पाहा, दोरीवर लटकून राह्यला.”