गुणसूत्रांचे महसूल खाते

एकाच नावाची गावे शेजारी वसली असता महसूल खात्याने डाळज नंबर 1, 2 आणि 3 असे शिक्के मारून जो प्रश्न बिनबोभाट निकालात काढला, तोच प्रश्न तेथल्या शिवारातील उसाने संगणकीय जीवशास्त्राच्या पंडितांपुढे टाकला, तेव्हा मात्र हयाती खर्ची पडल्या. मनुष्याची गुणसूत्रे 46, तीही जोडीजोडीने. उसाची शंभराहून अधिक, आणि त्यांतल्या कित्येक प्रती इतक्या मिळत्याजुळत्या, की हाती आलेला गुणसूत्राचा तुकडा मुळात कोणत्या प्रतीचा, याचा निवाडा भल्याभल्या गणितज्ञांनाही चकवतो. नीडलमन आणि वुन्श यांनी अनुक्रम ताडून पाहण्याची रीत 1970 साली घालून दिली, पुणे विद्यापीठात जैवमाहितीशास्त्राचे केंद्र 1987 साली निघाले, आणि उसाच्या आर 570 या वाणाच्या गुणसूत्रांची सविस्तर जुळणी प्रसिद्ध होण्यास 2024 उजाडले. दरम्यान विद्वानांच्या बढत्या अडल्या नाहीत, हे नमूद केले पाहिजे. कारण बढतीच्या दफ्तरास आपली रीत मागील रीतीहून किंचित सरस असल्याचा दाखला पुरतो, आणि तुलनेचा नमुना निवडण्याचा अखत्यार बहुधा उमेदवाराकडेच असल्यामुळे, स्वतःच्याच निबंधात पराभूत झालेली रीत सहसा दृष्टीस पडत नाही.