कागदाला आठ दिवस, माणसाला चहा

या देशात विश्रांतीचा हक्क कुणाला असेल तर तो कागदाला आहे. आमच्या ह्यांनी लांब पल्ल्याचा ट्रक धरल्यापासून माझी याबद्दल पक्की खात्री झाली आहे.

गाडी भरली, काटा झाला, बिल्टी हातात पडली, की हे मला ई-वे बिलाचा, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या कागदाचा, फोटो पाठवतात. नवऱ्यानं परमुलखातून बायकोला काय पाठवावं याबद्दल माझ्या कल्पना जरा वेगळ्या होत्या. पण आलंच आहे तर मी ते वाचते. सबंध हिवरा आश्रम गावात ई-वे बिल माझ्याइतकं मन लावून कुणी वाचत नसेल. माल पाठवणाऱ्याचा नंबर, घेणाऱ्याचा नंबर, कापसाच्या गाठींचा कोड, मालाची किंमत, त्यावरचा कर, दोन्ही टोकांचे पिनकोड आणि 'भाग ब'मध्ये गाडीचा नंबर. सगळं जिथल्या तिथं. फक्त गाडी कोण चालवतं ते कुठंच नाही. कागदाच्या मते गाडी आपोआप जाते.

तर मुदत. नियम असा, की दर 200 किलोमीटरला किंवा त्याच्या तुकड्याला एक दिवस. खामगावात गाठी भरायच्या आणि अकोला, हिंगोली, नांदेड, हैदराबाद, कर्नूल, अनंतपूर, बंगळूर, सेलम करत कोइमतूरला खाली करायच्या, म्हणजे चौदाशेच्या वर किलोमीटर. कागदाला मिळाले आठ दिवस. शिवाय त्याचा पहिला दिवस संपतो तो दुसऱ्या दिवसाच्या मध्यरात्री. म्हणजे प्रवासाला लागायच्या आधी कागदाला जरा आडवं होता येतं. 2021 च्या आधी तर दिवसाला 100 किलोमीटरच धरायचे. तेव्हा याच फेरीला कागदानं पंधरा दिवस घेतले असते. मग त्याची निम्मी मुदत कापली. एवढा अन्याय होऊनही कागदानं कधी संप केल्याचं ऐकिवात नाही.

आता ह्यांची मुदत. गाडीमालक शेठ म्हणाले, "चौथ्या दिवशी सकाळी गाडी गिरणीच्या दारात पाहिजे." कागद आणि माणूस एकाच केबिनमध्ये, एकाच रस्त्यानं, एकाच वेगानं जाणार, त्यातल्या एकाला आठ दिवस आणि दुसऱ्याला तीन. मी फोनवर विचारलं, हे कसं काय? हे म्हणाले, "अवं, कागदाची मुदत हुकली तं दंड हाये. माही हुकली तं कोणाले काय?"

खरंच आहे. मुदत संपलेला कागद सापडला तर कराच्या दुप्पट दंड, वर गाडी मालासकट अडकते. मुदत संपलेला ड्रायव्हर सापडला तर त्याला ढाब्यावर चहा मिळतो.

गावात लोकांना वाटतं, ट्रक धरला म्हणजे बसून खायचा धंदा. "आता काय तकलीफ? मेहकरलेच समृद्धीवर चढाचं," असं पारावर मला सांगितलं जातं. ह्यांची गाडी हैदराबादकडे जाते, समृद्धी मुंबई-नागपूरकडे. पण ते जाऊ द्या. रस्ता चांगला झाला की प्रवासाचे तास वाचतात, हे मलाही मान्य आहे. ते तास कुणाच्या खिशात जातात, एवढंच कुणी सांगत नाही. पूर्वी जिथं पाच दिवस धरायचे तिथं शेठ आता तीन धरतात. वाचलेले दोन दिवस ह्यांनी झोपेत घालवल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

सुरुवातीला हे उस्तादाच्या, म्हणजे मुरलेल्या ड्रायव्हरच्या, शेजारी बसून गेले. ट्रॅक्टर हाकलेला होता, छोटा हत्ती मेहकर-चिखली फिरवलेला होता, हेवी लायसन्सही झालं होतं. पण मोठी गाडी मिळते अनुभवावर आणि अनुभव मिळतो मोठ्या गाडीवर. म्हणून आधी क्लीनर. उस्ताद माणूस खरा गुणी. पहाटे गाडी सुरू करण्याआधी टॉमीनं, म्हणजे लोखंडी दांड्यानं, एकेक टायर ठोकायला त्यानंच शिकवलं. जोडचाकातला आतला टायर बसला तर डोळ्याला दिसत नाही, कानाला कळतो: हवा असलेला टायर टॉमी उडवून लावतो, बसलेला नुसता 'धप्प' करतो. वाऱ्यात ताडपत्रीचा रस्सा कसा आवळायचा, डिझेल चोरीला जाऊ नये म्हणून टाकीच्या बाजूला डोकं करून कसं पडायचं, वराईचे, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याचे, पैसे देताना घासाघीस कशी करायची, सगळं शिकवलं. झोप आली तर काय करायचं, यावर मात्र उस्तादाकडे एवढंच होतं: आधी चहा, मग तोंडावर पाणी, मग हिरवी मिरची चावायची, मग पुन्हा चहा. चाळीस टायरांचं ज्ञान असलेल्या माणसाला झोपेचं एवढंच ज्ञान, कारण त्यालाही ती कुणी दिलेली नव्हती.

मी सोबत दशम्या देते, ठेचा देते, शेंगदाण्याची चटणी देते. दशम्या हैदराबादच्या अलीकडे-पलीकडे संपतात, पुढं घरच्यासारखी भाकरी औषधालाही मिळत नाही, बहुतेक भात. चटणी कोइमतूर बघून परत येते. ह्यांच्या केबिनमध्ये चटणीपेक्षा जास्त टिकणारी वस्तू एकच, ती म्हणजे ई-वे बिल.

त्यातून मुदत संपत आलीच, तर कागदाला वाढवून मिळते. संपण्याच्या आठ तास आधीपासून संपल्यावर आठ तासांपर्यंत मागता येते. कारण द्यावं लागतं. पण कारण सुचण्याचे कष्ट नकोत म्हणून यादीच दिली आहे. नैसर्गिक आपत्ती, कायदा-सुव्यवस्था, माल दुसऱ्या गाडीत चढवला, अपघात आणि इतर. गाडी चालवणाऱ्याचे डोळे मिटायला लागले, हे कारण यादीत नाही. ते एक तर 'इतर'मध्ये बसवावं लागतं, नाहीतर जरा वेळ थांबलं की ते आपोआप 'अपघात'मध्ये जातं.

याच नियमात एक पोटनियम आहे आणि तो वाचल्यापासून माझं घरकामात लक्ष लागत नाही. ठरलेल्या मापाबाहेरचा माल, म्हणजे पवनचक्कीचं पातं, कारखान्याचा अजस्र बॉयलर, याला 'ओव्हर डायमेन्शनल कार्गो' म्हणतात. त्याच्या कागदाला दर 20 किलोमीटरला एक दिवस. वीस! माझं म्हणणं, आमच्या ह्यांना या वर्गात घाला. माप बाहेर जायला सुरुवात झालेलीच आहे. बसून बसून आणि ढाब्याची तर्री ओढून पोट असं सुटलंय की लग्नातल्या सदऱ्याचं बटण आता काजाला लागत नाही. आणखी दोन-चार महिन्यांत स्टिअरिंगच अडतं. मग समजा गाडी आमच्याच गावातून भरली. पहिल्या दिवशी सकाळी आंघोळ, पूजा, नाश्ता करून हे निघणार आणि मेहकर आलं की दिवसाचा कोटा संपत आला. गाडी लावायची, समोरून येणाऱ्या एसटीत बसायचं, रात्रीच्या जेवणाला घरी. दुसऱ्या दिवशी मी स्वतः डबा घेऊन मेहकरला जाणार. अशा मालाच्या पुढं लाल झेंडी लावलेली जीप चालते, तिच्यात सासूबाई बसतील. त्यांना तसंही पुढं राहून रस्ता मोकळा करायची सवय आहे. लेकरं सुट्टीत नांदेडला गाठतील, तिथं गुरुद्वारा दाखवू. कोइमतूरला पोहोचायला लागतील अडीच महिने. सोयाबीन पेरून निघालेला माणूस शेंगा भरल्यावर गाडी खाली करील, आणि या अडीच महिन्यांत एकदाही कुणी त्याला "कुठलोक आला बे?" असं रात्री दोन वाजता विचारणार नाही, कारण कायद्यानं तो वेळेत आहे. मी हे सगळं ह्यांना सविस्तर समजावलं. पलीकडून उत्तर आलं नाही. वाटलं, विचार करतायत. घोरत होते.

बॉयलरचं दुखणं ज्यांना समजलं त्यांना माणसाचं कधीच समजलं नाही, असं नाही. 1961 साली मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा झाला होता, तो 2025 पर्यंत होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला 48 तास, सलग पाच तास काम झालं की निदान अर्धा तास विसावा. वाचून माझे डोळे भरून आले. मग पुढचं वाचलं: हे सगळं लागू होतं कुणाला, तर ज्या मालकाकडे पाच किंवा जास्त कामगार असत त्याला. आता ह्यांच्या शेठकडे गाड्या दोन. दोन ड्रायव्हर, दोन क्लीनर, झाले चार. चौघांना थकवा येत नसे, तो पाचवा माणूस आल्यावर येई. पुढं शेठनी क्लीनरही कमी केले, तेव्हा तर थकव्याचा प्रश्न कायमचा मिटला.

तरी हे सगळं मी हसत सांगितलं असतं. पण गिरणीच्या फाटकाशी माझं हसू थांबतं. तीन दिवस डोळ्यांत तेल घालून गाडी चौथ्या दिवशी सकाळी फाटकावर नेली. अर्जंट होतं ना! फाटकावर सांगितलं, "आत जागा नाही, उद्या बघू." उद्याचा परवा झाला. थांबल्याचे पैसे शेठला मिळाले की नाही ते शेठ जाणे, ह्यांच्यापर्यंत दमडी आली नाही. कागद मात्र तत्काळ आत गेला, टेबलावर पंख्याखाली बसला. ह्यांनी आत संडासला जाऊ का विचारलं, तर वॉचमननं भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं: ड्रायव्हर-क्लीनरना प्रवेश नाही. त्या वॉचमनच्या खोलीला एसी होता. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या ट्रकच्या केबिनलाही तो सक्तीचा झालाय, पण ह्यांची गाडी त्याच्या कैक वर्षं आधीची, तिला इंजिनाचीच ऊब. चौदाशे किलोमीटर ज्या माणसाच्या भरवशावर लाखोंचा माल सोडला, त्याच्या भरवशावर एक संडास सोडता येत नाही? हा काय चोर आहे? चोरायचंच असतं तर गाठी चोरल्या असत्या, तुमचा संडासातला मग कशाला चोरेल? मालाला गोदाम, कागदाला फाइल, गाडीला पार्किंग, आणि माणसाला रस्त्यापलीकडचं बाभूळबन. बायका गाडी चालवत नाहीत म्हणून हळहळणाऱ्यांनी एकदा त्या फाटकावर दोन दिवस उभं राहावं, चर्चासत्राची गरज उरणार नाही.

मागच्या आठवड्यात रात्री अकराला शेठचा मला फोन. "वहिनी, ते फोन उचलत नाहीत. गाडी अनंतपूरच्या अलीकडं उभी दिसते."

म्हटलं, "त्यांची मुदत संपली."

"म्हणजे?"

"म्हणजे झोपले. वाढवून पाहिजे असेल तर कारण लिहून द्या. 'इतर' चालणार नाही."

"वहिनी, माल अर्जंट आहे हो!"

गाडी सकाळी सातला हलली. माल नासला नाही, आटला नाही, त्याला बुरशी लागली नाही. कापूस होता.