झेल कुणाचा, खापर कुणाचं?

बापाने मुलाची बाजू घ्यावी, यात गैर काय? काहीच नाही. फक्त ओडेल बेकहॅम सीनियर यांनी ती इन्स्टाग्रामवर घेतली आणि दिवस निवडला २ नोव्हेंबर २०२१. अमेरिकन फुटबॉलमधली त्या हंगामातली खेळाडूंची अदलाबदल नेमकी त्याच दिवशी बंद होणार होती.

काळीज हळवं असेल, मुहूर्त मात्र पक्का होता.

व्हिडिओ अकराएक मिनिटांचा. त्यात चिरंजीव, म्हणजे क्लीव्हलंड ब्राउन्सचा चेंडू झेलणारा रिसीव्हर ओडेल बेकहॅम ज्युनियर, मोकळा धावतोय आणि क्वार्टरबॅक बेकर मेफिल्ड चेंडू भलतीकडेच फेकतोय. पुन्हा मोकळा, पुन्हा भलतीकडे. या खेळाचा सामना तीन तास चालतो आणि त्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो जेमतेम अकरा मिनिटं. म्हणजे वडिलांनी अख्ख्या सामन्याएवढा पुरावा दिला!

आपल्याकडेही एका नामवंत अष्टपैलू क्रिकेटपटूचे वडील वर्षानुवर्षं कर्णधाराच्या नावाने बोटं मोडत आलेत. त्यांनी निदान व्हिडिओवर वेळ घालवला नाही.

आकडे बघा. त्या हंगामात क्लीव्हलंडकडून सहा सामने, १७ झेल, २३२ यार्ड, टचडाउन शून्य. व्हिडिओच्या दोनच दिवस आधी पिट्सबर्गविरुद्ध एक झेल, सहा यार्ड. हाच तो गडी, ज्याने २०१४ साली पदार्पणाच्या वर्षात न्यूयॉर्क जायंट्ससाठी बारा सामन्यांत १३०५ यार्ड काढले. डॅलसविरुद्ध मागे झुकून एका हाताने घेतलेला त्याचा तो झेल अमेरिकेत आजीबाईंनाही ठाऊक आहे.

तो सामना जायंट्स हरले होते. हे मात्र कुणाला ठाऊक नाही.

मग बिघडलं कुठे? क्लीव्हलंडच्या चाहत्यांकडे उत्तरं तयारच होती. ओडेल स्वार्थी. बेकर भित्रा. प्रशिक्षक केव्हिन स्टेफान्स्की जुनाट, उठसूट निक चबच्या हातात चेंडू देऊन त्याला पळायला लावणारा. गुडघा, खांदा, हवामान. मोसम अर्धाही झाला नव्हता आणि आरोपींच्या पिंजऱ्यात उभं राहायला जागा नव्हती.

यातला प्रत्येक चाहता कुणाला तरी सोडून देत होता, हे लक्षात घ्या. कुणाला? कपाटात ज्याची जर्सी टांगलेली, त्याला. ज्याने १३ नंबरसाठी पैसे मोजले त्याला बेकर दोषी दिसत होता आणि ज्याने ६ नंबरसाठी मोजले त्याला ओडेल. फँटसी लीगवाल्यांची तऱ्हा तिसरीच. ब्राउन्स जिंकले तरी ते चिडलेले, कारण त्यांच्या कागदी संघातल्या ओडेलने गुण दिले नव्हते.

शहर तसं सोशीक. २०१७ साली ब्राउन्स सोळाच्या सोळा सामने हरले, तेव्हा हजारो चाहत्यांनी जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत स्टेडियमभोवती शून्याच्या आकाराची मिरवणूक काढली होती. जे लोक शून्याचा सोहळा करतात, त्यांना १७ झेल सहन होऊ नयेत?

पण शून्यात एक सोय असते. सगळेच दोषी.

आता त्या ‘मोकळा होता’बद्दल. टीव्हीवर कॅमेरा चेंडूमागे धावतो, त्यामुळे रिसीव्हर दोन पावलांतच चौकटीबाहेर जातो. बावीसच्या बावीस खेळाडू दिसतील असं उंचावरून केलेलं चित्रण वेगळं असतं. एके काळी ते फक्त प्रशिक्षकांच्या खोलीत दिसायचं. आता लीगच ते पैसे घेऊन विकते. परिणाम? प्रत्येक दिवाणखान्यात एक सहायक प्रशिक्षक. चित्र थांबवायचं, लाल गोल काढायचा आणि ओरडायचं, ‘हा बघा मोकळा!’

मोकळा तर होताच. कधी मोकळा होता?

क्वार्टरबॅकला चेंडू हाती आल्यापासून अडीच सेकंदांच्या आसपास वेळ मिळतो. तेवढ्यात आधी एकीकडे बघायचं, तिथे रस्ता बंद असेल तर दुसरीकडे, मग तिसरीकडे. समोरून सव्वाशे किलोचा माणूस अंगावर येत असतो आणि तो काही विचारविनिमय करायला येत नसतो. पहिल्या नजरेत झाकलेला रिसीव्हर नजर हलल्यावर अर्ध्या सेकंदात मोकळा झाला, तर ती चूक कुणाची? घरी सोफ्यावर थांबवलेल्या चित्रात ते अर्धं सेकंद मावतच नाही.

उलटही आहे. चांगला क्वार्टरबॅक रिसीव्हर मोकळा होण्याची वाटच बघत नाही. रिसीव्हर वळायच्या आधीच चेंडू हातातून सुटलेला असतो, कारण तो दहाव्या यार्डावर वळणार हे ठरलेलं असतं. तो बाराव्यावर वळला, की चेंडू विरुद्ध संघाचा. ओडेल ठरलेली वाट सोडून स्वतःच्या मनाने पळतो, ही बेकरपंथीयांची जुनी तक्रार. बेकर ठरल्या वेळी फेकतच नाही, ही ओडेलपंथीयांची.

दोघांकडे चित्रफीत होती. एकच.

या जोडीची खरी कुंडली बघायची तर दोन दुखापती बघा. पहिली २५ ऑक्टोबर २०२०, सिनसिनाटी. बेकरने ओडेलच्या दिशेने चेंडू फेकला, तो विरोधी खेळाडूने पकडला. त्याला अडवायला ओडेल मागे धावला आणि डाव्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला. मोसम संपला. गंमत पुढे आहे. सुरुवातीला पाच फेकींत एकही पूर्ण न करणाऱ्या बेकरने ओडेल बाहेर गेल्यावर सलग २१ फेकी पूर्ण केल्या, पाच टचडाउन दिले आणि ब्राउन्स ३७–३४ जिंकले. त्या वर्षी त्यांनी अकरा सामने जिंकले आणि प्लेऑफमध्ये पिट्सबर्गला ४८ गुण चारले.

‘ओडेल नकोच’ या पक्षाची स्थापना त्याच दुपारी झाली.

दुसरी दुखापत सप्टेंबर २०२१. एका नवख्या रिसीव्हरशी ताळमेळ चुकला, बेकरचा चेंडू ह्यूस्टनच्या खेळाडूने पकडला, त्याला अडवायला बेकर धावला आणि डावा खांदा निखळला. लॅब्रम फाटला. तसाच पट्टा बांधून तो खेळत राहिला.

म्हणजे हिशेब असा. क्वार्टरबॅकच्या वाया गेलेल्या फेकीपायी रिसीव्हरचा गुडघा गेला आणि रिसीव्हरशी झालेल्या घोळापायी क्वार्टरबॅकचा खांदा. फिटंफाट झाली की! पण भांडण मिटेल तो चाहता कसला?

त्यात लेब्रॉन जेम्स उतरला. बास्केटबॉलचा राजा, जन्म शेजारच्या ॲक्रनचा. ओडेलला मोकळं करा, असं त्याने जाहीरपणे लिहिलं. स्वतः तो क्लीव्हलंड एकदा नव्हे, दोनदा सोडून गेला होता, तेव्हा या विषयातला त्याचा अधिकार वादातीत. ५ नोव्हेंबरला ब्राउन्सने ओडेलला सोडत असल्याचं जाहीर केलं.

दोनच दिवसांनी ब्राउन्सने सिनसिनाटीला ४१–१६ असं धुतलं. बघा, आम्ही म्हणत नव्हतो? गाठ सुटली, संघ मोकळा झाला!

पुढच्या रविवारी न्यू इंग्लंडकडून ४५–७ असा मार खाल्ला.

मोसम आठ विजय, नऊ पराभवांवर संपला. यावेळी व्हिडिओ टाकायला कुणाचेच वडील पुढे आले नाहीत.

ओडेल तोवर लॉस एंजेलिस रॅम्सकडे गेला होता. तिथे नियमित मोसमात आठ सामन्यांत पाच टचडाउन. क्लीव्हलंडकडून त्या मोसमात शून्य आणि इथे दोन महिन्यांत पाच! मग दोषी बेकरच, नाही का? थांबा. रॅम्सकडे दुसऱ्या बाजूला कूपर कप होता, ज्याने त्या मोसमात १९४७ यार्ड काढले. बचाव करणारे दोन-दोन जण कपच्या मागे लागले, की ओडेलवर लक्ष द्यायला उरतंय कोण? पण हे ऐकून घ्यायला ओडेलपंथीयांना वेळ नव्हता. ते सुपर बोलची, म्हणजे अंतिम सामन्याची, तयारी करत होते.

१३ फेब्रुवारी २०२२. सुपर बोलमधलं पहिलं टचडाउन ओडेलचं. दोन झेलांत ५२ यार्ड. सामनावीर हाच होणार, अशी हवा. आणि दुसऱ्या सत्रात चेंडू त्याच्याकडे येत असताना, कुणीही हात लावला नसताना, तोच डावा गुडघा पुन्हा गेला. रॅम्स २३–२० जिंकले. करंडक मिळाला, पुढचा अख्खा मोसम गेला.

गुडघ्याविरुद्ध व्हिडिओ कुठे टाकायचा?

आता बेकरचं बघू. क्लीव्हलंडच्या वरच्या मजल्यावरच्या मंडळींनी ठरवलं की दोष रिसीव्हरमध्ये नव्हता, क्वार्टरबॅकमध्येच होता. मार्च २०२२ मध्ये त्यांनी ह्यूस्टनला नवोदित खेळाडू घेण्याच्या पहिल्या फेरीतल्या तीन निवडी देऊन क्वार्टरबॅक डिशॉन वॉटसन आणला. वीसहून अधिक महिलांचे लैंगिक गैरवर्तनाचे दिवाणी दावे त्याच्या अंगावर होते. आरोप त्याने नाकारले, अकरा सामन्यांची बंदी मात्र चुकली नाही. त्याला पूर्ण हमीचे २३ कोटी डॉलर. पूर्ण हमीचे, म्हणजे खेळो, न खेळो.

तो बहुतांशी न खेळला.

बेकरला कॅरोलायनाकडे पाठवलं. तिथेही जमेना. तिथून तो गेला कुठे? रॅम्सकडे! ओडेलच्या रॅम्सकडे, ओडेल नसताना. संघात येऊन दोन दिवस होत नाहीत तोच त्याने ९८ यार्डांची चढाई करून सामना जिंकून दिला. मग टँपा बे. २०२४ मध्ये तिथे ४१ टचडाउन फेकी. हाच तो मनुष्य, ज्याला म्हणे मोकळा रिसीव्हर दिसत नव्हता. फ्लोरिडात जाऊन दृष्टी सुधारली की काय? की तिकडे ऊन चांगलं असतं?

ओडेल बाहेर जाऊन उजळला, बेकर बाहेर जाऊन उजळला. मागे काय राहिलं? इमारत तीच, मालक तेच. इमारतीला आणि मालकांना कुणी लाल गोलात पकडलंय? वरच्या मजल्याचं उंचावरून चित्रण होत नाही ना!

होत असतं तर २०२३ मोठं बघण्यासारखं होतं. वॉटसन जखमी. बदली खेळाडू थकले. अखेर नोव्हेंबरमध्ये ३८ वर्षांच्या क्वार्टरबॅक जो फ्लॅकोला बोलावलं. मोसम सुरू झाला तेव्हा त्याला कुठल्याही संघाने घेतलं नव्हतं, गडी घरी बसून होता. आणि नाताळच्या आदल्या दिवशी रिसीव्हर अमारी कूपरने या फ्लॅकोच्या हातून एकाच सामन्यात २६५ यार्ड काढले. ब्राउन्सच्या इतिहासातला विक्रम! २३ कोटींच्या हातून जे झालं नाही ते बेरोजगाराच्या हातून झालं. फ्लॅकोला पुनरागमनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

मग ब्राउन्सने त्याला जाऊ दिलं. अर्थातच.

२०२४ सुरू झालं आणि तोच अमारी कूपर अचानक बेकार ठरला. सहा सामन्यांत २५० यार्ड, म्हणजे एका दुपारच्या कमाईपेक्षाही कमी. झेल सुटत होते, हे खरंच. चाहते पुन्हा कामाला लागले. वय झालं, मन उडालं, करारावर नाराज आहे, हातांना लोणी लागलंय. ऑक्टोबरमध्ये कूपरला बफेलोला धाडलं. पाच दिवसांनी वॉटसनच्या टाचेचा स्नायुबंध तुटला आणि बदली क्वार्टरबॅक जेमिस विन्स्टन मैदानात उतरला. हा गडी चेंडू आपल्या माणसाकडे फेकतो की परक्याकडे, याची त्याला फारशी फिकीर नसते. पण फेकतो!

आणि काय आश्चर्य, रिसीव्हरांचे हात बरे झाले. पुढच्याच सामन्यात बाल्टिमोरवर विजय. जेरी जूडी, ज्याला डेन्व्हरने स्वस्तात वाटेला लावलं होतं, त्याने त्याच डेन्व्हरविरुद्ध २३५ यार्ड काढले. मोसमअखेर १२२९. कालपर्यंत ‘याला आणलाच कशाला’ म्हणणारे आज ‘आम्हाला आधीच दिसलं होतं’ म्हणू लागले. डोळ्यांचा डॉक्टर क्लीव्हलंडमध्ये उपाशी मरेल.

मार्च २०२५ मध्ये मालक जिमी हॅस्लम यांनी वॉटसनचा डाव फसल्याचं जाहीरपणे मान्य केलं. मोठेपणाच म्हणायचा. तीन वर्षं, तीन निवडी आणि २३ कोटी उडाल्यावर एक वाक्य आलं. हेच वाक्य कुठला रिसीव्हर सुटलेल्या झेलानंतर बोलला असता तर?

२०२५ मध्ये फ्लॅको परत आला, चार सामने खेळला, बाकावर बसला. जूडीचे यार्ड आटले, झेल सुटू लागले. ७ ऑक्टोबरला ब्राउन्सने फ्लॅकोला सिनसिनाटीला देऊन टाकलं, तेही आपल्याच गटातल्या प्रतिस्पर्ध्याला. नऊ दिवसांनी तिथल्या रिसीव्हर जमार चेसने चाळिशीतल्या त्या फ्लॅकोकडून पिट्सबर्गविरुद्ध १६ झेल घेतले आणि सिनसिनाटी जिंकलं.

क्लीव्हलंडमध्ये जूडीच्या हातांची चौकशी सुरू होती.