गड हवा, रस्ता नको

मलकापूरपासून जवळच असलेल्या वसंतगडाचा फोटो देखणा ठरायचा, तर खालचा पुणे-बंगळूर महामार्ग कापावा लागतो, विजेचे खांब पुसावे लागतात आणि आभाळ, हवामान खात्याला न विचारता, केशरी करावे लागते. पण गड उभारला तो खालच्या वाटांवर नजर ठेवायला. 1699 मध्ये औरंगजेबाने तो घेऊन त्याला ‘किलीद-इ-फतेह’, म्हणजे विजयाची किल्ली, असे नाव दिले, ते काही सूर्यास्त पाहून नव्हे. वाट कापली की उरतो डोंगरावर उगाच रचलेला दगडांचा ढीग. अशा फोटोंमुळेच लोक गडावर येतात, हे म्हणणे खोटे नाही. येतात, आणि त्याच बुरुजावर उभे राहून तोच फोटो काढतात. पायथ्याचे तळबीड, सरसेनापती हंबीरराव मोहित्यांचे गाव, चौकटीत मावत नाही. गाड्या मात्र तिथेच लावलेल्या असतात.