यादीत नाव नाही

शेवटी आमचा लॅपटॉपही अपात्र ठरला.

पारगावात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. (जुन्नरचं पारगाव की आंबेगावचं, विचारू नका, अपात्र दोन्हीकडं सापडतील.) कर्जमाफीत अपात्र, घरकुलात अपात्र, ठिबकच्या अनुदानात अपात्र. आजवर निदान माणसंच अपात्र ठरत होती. आता कुणाच्या अध्यात ना मध्यात नसलेलं अकरा इंची, चार जीबी रॅमचं यंत्रही यादीतून उडालं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. ११ साठी विचारलं तर छाननीत त्रुटी निघाल्या: जागा ६४ जीबी पाहिजे, आमची ३२, शिवाय टीपीएम २.० नाही.

"टीपीएम म्हणजे काय रे?" आळेफाट्यावरच्या दुकानदाराला विचारलं.

"सुरक्षेची चिप असते, काका. ती नाही म्हटल्यावर नवा घ्या."

"अरे, पण चालतोय की हा!"

"चालतोय हो. पण पात्र नाही."

चालतोय, पण पात्र नाही! आमच्याकडं विहिरीवरची मोटर पाचदा जळते, पाचदा रिवाइंड होते आणि सहाव्या वर्षी जावयासारखी मान ताठ करून पुन्हा पाणी ओढते. चुलत्याच्या ट्रॅक्टरला बॅटरी नाही, उतारावर लावून ढकलत चालू करतात. त्याला कुणी टीपीएम विचारला नाही. गोठ्यातल्या म्हशीलाही नाही. आणि सुरक्षेचं एवढंच असेल तर रात्री अडीचला थ्री फेज येते, उसात बिबट्या बसलेला असतो, तेव्हा बॅटरी घेऊन दारं धरायला निघालेल्या माणसाला कुणी चिप बसवली? २०२५ मध्ये पिंपरखेडला माणसं गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून रानात गेली. खिळ्यांचे पट्टे! आमचं टीपीएम ते. दिवसा वीज द्या म्हणून किती वर्षं घसा फोडतोय, आणि हे आम्हाला लॅपटॉपची सुरक्षा शिकवणार.

असो. विषय लॅपटॉपचा होता.

भाची सुट्टीला आली. तिनं पेन ड्राइव्ह लावला आणि चहा उकळून गाळून होईपर्यंत विंडोजच्या जागी लिनक्स मिंट चढवलं. त्यातलं एक्सएफसीई नावाचं हलकं रूप. दोन जीबी रॅमवरही भागतं, चार म्हणजे चैन. सातबारा मागितला नाही, पैसे मागितले नाहीत. आतला प्रोसेसर सहा वॅटचा, शून्याच्या बल्बपेक्षाही कमी खाणारा. लॅपटॉप पुन्हा पळायला लागला. यात नवल तरी काय? २००७ साली कर्जतजवळच्या खैरातच्या एकशिक्षकी शाळेत पोरं एक्सओ नावाच्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपवर लिनक्सच चालवत होती, २५६ एमबी रॅमवर. आमच्या चार जीबीत तशा सोळा पोरांची सोय झाली असती.

मग तो घेऊन मी एका कार्यालयात अर्ज भरायला गेलो. साहेबांनी पडद्याकडं पाहिलं. "हे विंडोज नाही. यावर आमचा फॉर्म चालत नाही."

"ब्राउझरमध्ये उघडलाय की, साहेब. हा बघा."

"उघडला असेल. चालत नाही."

बाहेर बाकावर बसून भाचीला फोन लावला. तिनं पाठवलेलं चित्र पडद्यामागं लावलं: हिरवी टेकडी, निळं आभाळ, वर कापसासारखे ढग. २००१ सालच्या विंडोज एक्सपीचं. त्या एक्सपीचा सपोर्ट २०१४ लाच बंद झाला, त्यालाही किती उन्हाळे गेले.

पुन्हा आत गेलो. साहेबांनी चष्मा वर सरकवला.

"हां, आता कसं! नवीन टाकून आणलंत ना?"