पक्षीमित्र साडू

साडू काही आपण निवडून घेत नाही. लग्न ठरवताना माणूस सासू-सासरे बघतो, घर बघतो, फार तर पत्रिका बघतो. मेहुणीला पुढेमागे कसला नवरा मिळेल हे कोण बघतो? त्यामुळे आमच्या वाट्याला पक्षीमित्र आला.

तसा तो आला तेव्हा साधा बँकेतला माणूस होता. चिमणी, कावळा आणि कबुतर एवढ्यावर त्याचे भागत होते. निवृत्तीनंतर कुणीतरी त्याला पहाटे कवडीपाटला नेले, मुळा-मुठेच्या फेसात उभा असलेला चक्रवाक दाखवला, आणि मेहुणीचा संसार बुडाला. आता साडूंना अठरा खिसे असलेले जाकीट आहे. तोफेसारखी लेन्स आहे. पूर्वी कधीच न पाहिलेला पक्षी दिसला की त्याला ‘लाइफर’ म्हणतात, आणि तो दिसला की साडू घरी पेढे आणतात. मुलीच्या निकालाला बर्फी आणली होती, तीही तिने मागितल्यावर.

हे लोक आपल्याला पक्षी दाखवतात तेव्हा एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ‘दिसला का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणून टाकावे. ‘नाही’ म्हटले तर खांदा धरून, मान वळवून, ‘ती सुकलेली फांदी, तिच्या डावीकडे दुसरी, तिच्या खाली’ असा पत्ता सुरू होतो, आणि पत्ता संपेपर्यंत पक्षी उडालेला असतो.

सासऱ्यांच्या दहाव्याला आम्ही ओंकारेश्वरावर होतो. कावळा शिवेना. जो तो पुढे होऊन हात जोडून काही ना काही कबूल करत होता. धाकट्या मेहुण्याने तर वाटणीतला हिस्सा सोडायची तयारी दाखवली. साडू दुर्बीण लावून पिंपळ न्याहाळत होते. म्हणाले, ‘वर घार बसलीय. ती उठल्याशिवाय एकही येणार नाही.’ घार उठली, कावळा शिवला. सासूबाईंनी श्रेय मेहुण्याच्या शब्दाला दिले, साडूंनी घारीला. मेहुण्याला मात्र फार घाई झाली असे वाटले असावे.

यंदा थंडीत सासूबाईंना काशीला नेले. विश्वनाथाचे दर्शन झाले आणि सकाळी शिंदे घाटावरून नाव केली. मराठी माणसाला या घाटाचा जरा जास्तच अभिमान. बायजाबाई शिंद्यांनी तो १८३०च्या सुमारास बांधवला, तोही इतका वजनदार की स्वतःच्याच भाराने खचला. पायथ्याशी रत्नेश्वर महादेवाचे देऊळ तिरके उभे आहे. वर्षातले कित्येक महिने त्याचा गाभारा पाण्यात नाहीतर गाळात. शेजारी मणिकर्णिकेचा धूर. नावेतल्या सगळ्यांनी तिकडे तोंड करून हात जोडले. एकटे साडू त्रैलोक्याच्या नाथाकडे पाठ करून बसले आणि पलीकडच्या रेतीकडे बघू लागले.

‘अहो, देऊळ इकडे आहे,’ मेहुणी म्हणाली.

‘देऊळ कुठे जाणारे? आणि ते गेलं तरी हळूहळू जाईल.’

पलीकडे खरोखर काही नव्हते. पिवळट रेती, दोन-चार उंट, एक चहाची टपरी. पण साडूंना विचारले की आपण फसलो. गंगा इथे उत्तरेकडे वळते, बाहेरच्या वळणाला धार लागते म्हणून या काठाला उंच दगडी घाट. आतल्या वळणाला पाणी सुस्तावते म्हणून तिथे रेती साठते. एकाच वळणाची ही दोन लेकरे, पण लाड सगळे घाटाचे. रेती म्हणजे मोकळी जागा असेच सगळ्यांना वाटते. १९८९ साली रामनगर ते मालवीय पूल असे सात किलोमीटरचे कासव अभयारण्य इथे झाले. अर्धवट जळालेली प्रेते गंगेत जात, ती संपवायला सारनाथला वाढवलेली कासवे सोडली. एवढी सरळ कामाची सरकारी नेमणूक दुसरी झाली नसेल. अभयारण्यामुळे रेतीचा उपसाही बंद. २०२०मध्ये ते अभयारण्यच रद्द झाले. २०२१ साली रेतीतून कालवा खोदला, तो गंगेने त्याच पावसाळ्यात गिळला. २०२३च्या जानेवारीत तिथे तंबूंचे शहर उठले.

‘यात तुमचा पक्षी कुठे आला?’ मी विचारले. विचारायला नको होते.

साडूंचा पक्षी म्हणजे पाणचिरा. काळी टोपी, नारिंगी चोच, आणि खालची चोच वरचीपेक्षा लांब. तोंड उघडे टाकून पाण्याला चाटून उडतो आणि खालच्या चोचीने पाणी कापत जातो. मासा लागला की मिटतो. जगात आता तीन हजारांच्या आत प्रौढ पाणचिरे उरलेत. चंबळ हे त्यांचे मोठे ठिकाण. मार्चनंतर नदी उतरली की उघड्या पडलेल्या रेतीच्या बेटावर साधा खळगा करून अंडी घालतात. उन्हाने रेती पोळते तेव्हा आईबाप पोटाची पिसे पाण्यात भिजवून येतात आणि अंड्यांवर बसतात. हे सांगताना साडूंनी स्वतःचे पोट धरून नावेत बसून दाखवले. नाव डुगडुगली; सासूबाईंनी ‘हर हर गंगे’ म्हटले.

पाणी भलतेच उतरले की बेट काठाला जोडले जाते, आणि कुत्री, गुरे चालत येतात. वरून धरणाचे पाणी सोडले की अंडी वाहून जातात. शिवाय कलिंगडाच्या वाड्या आहेत, रेतीचे ट्रॅक्टर आहेत. चंबळकाठी बीएनएचएस या निसर्गसंस्थेने गावकऱ्यांनाच घरट्यांचे राखणदार नेमले. ‘काही न करता नुसती रेती राहू देणं,’ साडू म्हणाले, ‘एवढंच मागणं आहे. पण आपल्याला मोकळं काही बघवत नाही.’ मेहुणी माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, ‘यांनी घराची गच्ची पाहिलीत ना? कुंड्यांतून पाय टाकायला जागा नाही.’

पाणचिरा काही दिसला नाही. कुरव, म्हणजे सीगल, मात्र शेकड्यांनी होते. शेजारच्या नावेतून पोरगा शेवेची पाकिटे विकत होता. ‘आओ, आओ’ अशी आरोळी गेली, मूठभर शेव उडाली, आणि पांढरा कल्लोळ डोक्यावर आला.

‘साइबेरिया से आवेलन, बाबूजी,’ नावाडी कौतुकाने म्हणाला.

साडू उठून उभे राहिले. त्यांची हिंदी सदाशिव पेठेतली. ‘ये सब सायबेरिया का नहीं है. वो तपकिरी डोकेवाला तिबेट-लडाख बाजू का है. और इनको फरसाण मत डालो. तिखट, मीठ, तेल, इनकी प्रकृती को बाधता है. मांडवे की लाँच पर भी लोग यही गाढवपणा करते हैं.’ नावाड्याने आदराने मान हलवली. पोराने पाकिटे मागे लपवली. कुरवांना व्याख्यान समजले नसावे, पण शेव बंद झाल्याचे समजले. ते उठून पार पंचगंगेकडे गेले.

साडूंनी लेन्स लावली, काढली, परत लावली. पक्षी टाचणीएवढे दिसत होते. ऊन मात्र फार सुंदर पडले होते, आणि तसे ऊन फुकट गेलेले फोटोवाल्या माणसाला सोसत नाही. त्यांनी नावाड्याकडे पाहिले, बायकोकडे पाहिले. मग माझ्या मुलाला जवळ बोलावून दहाची नोट हातात कोंबली.

‘काका, पण तुम्हीच तर…’

‘थोडीच टाक. आणि डावीकडे टाक, उजेड तिकडून आहे.’

संध्याकाळी घरच्या ग्रुपवर फोटो आला. खाली ओळ: ‘तपकिरी डोक्याचा कुरव, नैसर्गिक अधिवासात.’ मेहुणीने लिहिले, ‘चोचीत शेव आहे.’ बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत राहिले. मग उत्तर आले, ‘बारीक आहे. क्रॉपमध्ये जाईल.’

सासूबाईंना ग्रुप वगैरे कळत नाही. त्यांनी जेवताना विचारले, ‘जावईबापू, माझा देवळासमोर एक तरी काढलात का हो?’

काढला होता. त्यात देऊळ तिरके आहे ते आहेच, सासूबाईही धुरकट आहेत. पण त्यांच्या खांद्यावरून गेलेला नदी सुरय पिसान्‌पीस स्पष्ट आला आहे, आणि तो फोटो साडूंनी मोठा करून दिवाणखान्यात लावला आहे. पाहुण्यांना ते आधी पक्ष्याचे नाव सांगतात.